सातवीचं राहिलेलं गणित

कॉलेजचं पत्र दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर अभिनंदन होतं आणि दुसऱ्या पानावर गणित.

पहिलं पान मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. दुसरं एकटीने, दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या मशीनशेजारी उभी राहून वाचलं. डोळे तपासण्याच्या पदवी अभ्यासक्रमाला, नोकरी करणाऱ्यांसाठी राखलेल्या जागेवर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माझं नाव लागलं होतं. पण वर्ग सुरू होण्याआधी गणिताची चाचणी द्यायची होती. चाळीस प्रश्न, चोवीस बरोबर हवेत. कमी पडले तर तीन महिने पायाभूत वर्गाला बसायचं. तयारीला सहा आठवडे होते.

मी सोळा वर्षं चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. पुढे मालक आणि डोळे तपासणारा माणूस, मागे मी. त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहायचा, मी काच निवडायची, काठ घासायचा, फ्रेममध्ये बसवायची. दोन वर्षांपूर्वी एक बस चालवणारा गृहस्थ एकाच चष्म्यासाठी तीनदा परत आला. डोकं दुखतं, रस्ता तिरका दिसतो म्हणाला. चिठ्ठीवर काच किती कोनात बसवायची त्याचे अंश लिहिले होते ऐंशी. मी त्याचा जुना चष्मा यंत्राखाली धरून पाहिला तर एकशे ऐंशी. लिहिणाऱ्याच्या हातून आधीचा एक राहून गेला होता. मी पुढे जाऊन सांगितलं, तर तपासणारा माणूस म्हणाला, "तुम्ही काच घासा, बाई." चौथ्या खेपेला तो एक सापडला. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे कॉलेजचं खूळ होतं.

गणिताचं ऐकून मालक हसले. "तुम्हाला कसलं गणित अडतंय? रोज उणे अधिकमध्येच तर असता."

घरी नवराही तेच म्हणाला. शेजारीणही तेच म्हणाली. ज्याला त्याला वाटत होतं की मी रोज उणे सव्वादोन, अधिक दीड करते, म्हणजे मला ते येतंच. अहो, ड्रायव्हर रोज गाडी चालवतो म्हणून त्याला इंजिन जोडता येतं का? उणे सव्वादोन ही माझ्या लेखी पाकिटावरची चिठ्ठी होती. ते पाकीट तिसऱ्या खणात असतं, एवढंच मला माहीत. त्याला कशानेतरी गुणायचं ही वेळ सोळा वर्षांत माझ्यावर आली नव्हती. जे काय गुणायचं ते मशीन गुणायचं.

मुलीने माझ्या मोबाइलवर गणित शिकवणारं ॲप टाकून दिलं. सात अधिक आठ किती, असं त्याने विचारलं. पंधरा दाबल्यावर टाळ्या वाजल्या आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. दहा मिनिटांत सहा वेळा टाळ्या वाजल्या. सातव्या प्रश्नाला त्याने कंसातला उणे बाहेर काढायला सांगितला. मी चुकले. तेव्हा एक कार्टूनचं अस्वल मान हलवून म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." मी केला. अस्वलाने पुन्हा मान हलवली. चार दिवस मी त्या अस्वलाची मान हललेली बघितली. का चुकलं ते काही ते सांगेना. पाचव्या दिवशी मी ॲप काढून टाकलं आणि जिच्याकडे जायचं नाही असं ठरवलं होतं तिच्याकडे गेले.

माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवलं, आणि गेल्या वर्षी मुख्याध्यापकांशी भांडून मुदतीआधीच घरी बसली. मुलं तिला पाठीमागे शून्यबाई म्हणायची. तिचं शून्य फार सुबक असायचं म्हणे, कंपासने काढल्यासारखं. लग्न तिने केलं नाही. तिचं दोन खोल्यांचं घर माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, आणि त्या पंधरा मिनिटांच्या अंतरावरच आमचं प्रेम टिकून होतं.

"सकाळी सहाला ये," ताई म्हणाली. "सहा म्हणजे सहा. सहा पाच नाही."

पहिल्या दिवशी मी सहा वाजून तीन मिनिटांनी पोचले. तिने घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या टेबलावर कोरे कागद, दोन पेन्सिली आणि तिचं लाल पेन मांडून ठेवलेलं होतं. चहा विचारला नाही. तीस गणितं दिली आणि समोर बसून राहिली.

कोणी समोर बसून बघत असेल तर मला माझी सहीसुद्धा नीट येत नाही. तरी मी सोडवली. तिने कागद ओढून घेतला आणि लाल पेन चालू लागलं.

"तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश, नऊ भागिले पाच? की पाच भागिले नऊ? काय लिहिलंयस हे?"

"पाच नवमांश."

"म्हणजे तू वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेस."

"हो."

"बारके, पाऊण भाकरीत तू आणखी थोडी भाकरी घातलीस आणि ती अर्ध्यावर आली?"

पुढचे वीस दिवस असेच गेले. माझा सात तिला एकासारखा दिसायचा. बरोबरचं चिन्ह वाकडं असायचं. मी पेन्सिल फार खाली धरायची. मी कुजबुजत गुणाकार म्हणायची, ते तिला आवडायचं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, चाचणी कॉम्प्युटरवर आहे. माझं अक्षर कोण बघणार आहे?"

"तू बघणार आहेस," ती म्हणाली. "स्वतःचंच अक्षर न वाचता आल्यामुळे दोन गणितं चुकलीस तू काल."

ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

तरी अपूर्णांक हळूहळू परत आले. टक्केवारी तर पहिल्यापासून येतच होती. गुणोत्तर, क्षेत्रफळ, दशांश, सगळं गंज काढल्यासारखं मोकळं झालं. फक्त एक गोष्ट होईना. जिथे उणेचं चिन्ह आलं तिथे माझा पाय घसरायचा. उणे सात वजा उणे तीन, मी लिहायची उणे दहा. उणे चार गुणिले उणे सहा, मी लिहायची उणे चोवीस. समीकरणाच्या सगळ्या पायऱ्या बरोबर असायच्या आणि मधे एक उणे कुठेतरी सांडायचा, की शेवटी भलतंच उत्तर.

ताईने हरप्रकारे सांगून पाहिलं. तळघरात जाणारी लिफ्ट झाली, थंडीतलं तापमान झालं, विहिरीतली पायरी झाली. मी मान डोलवायची आणि पुढचं गणित चुकवायची.

"उणे गुणिले उणे अधिक कसं?" मी विचारलं.

"तो नियम आहे."

"पण का?"

"का म्हणजे काय? नियम आहे. पाठ कर."

"पाठ केलं की मला प्रत्येक वेळी शंका येते, की हा नियम बेरजेला आहे की गुणाकाराला."

"एकोणतीस वर्षं मी मुलांना हेच सांगितलं. बारा वर्षांची मुलं शिकली."

"मग बारा वर्षांच्या मुलांना बोलव चाचणीला."

तिने पेन टेबलावर आपटलं. तिचा आवाज तापला की बारीक होतो, मोठा होत नाही. "हे सातवीच्या दुसऱ्या सहामाहीत असतं. पूर्णांक, कंस, घातांक, सगळं तेव्हाच. तू सातवीत काय झोपा काढत होतीस?"

"सातवीच्या दुसऱ्या सहामाहीत मी शाळेत नव्हते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आई जिन्यावरून पडली होती ना. मांडीचं हाड मोडलं होतं. साडेचार महिने पलंगावर."

"ते मला माहीत आहे. पण तेव्हा शेजारच्या काकू यायच्या आईचं करायला."

"काकू पहिले आठ दिवस आल्या. नंतर मी होते."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी सांगायचं म्हणून नव्हतं सांगितलं. भांडताना तोंडातून निघालं. पण निघालं ते निघालं. बाबांची पाळीची नोकरी, ताईचं पदवीचं शेवटचं वर्ष. ती पहाटे वाचनालयात जायची ती दिवेलागणीनंतर यायची. आईला उठवायला, पुसायला, भांडं द्यायला कोणीतरी हवं होतं. बाबा म्हणाले, धाकटीचं काय, सातवीच तर आहे. परीक्षेच्या वेळी शाळेने मला तसंच आठवीत ढकललं. आठवीत बाई म्हणाल्या, हे तुम्हाला येतंच आहे, आणि त्या पुढे गेल्या. मीही हो म्हटलं. सगळा वर्ग हो म्हणत होता.

"मला कोणी सांगितलं नाही," ताई म्हणाली.

"तुझी परीक्षा होती."

"मी संध्याकाळी घरी यायची. तू असायचीसच घरी. मला वाटायचं, शाळेतून आलेली आहेस."

मी वह्या पिशवीत भरल्या. दुकानाची वेळ झाली होती. तिने मला दारापर्यंत सोडलं नाही, आणि मीही मागे वळून बघितलं नाही. दिवसभर मी स्वतःवर चिडलेली होते. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सकाळी साडेसातला, तेही बेरीज वजाबाकीवरून, बाहेर काढायची काही गरज होती का? त्या दिवशी मी एका लहान मुलीच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. बसवलेली परत काढून नीट करावी लागली.

दुसऱ्या दिवशी जाऊ की नको असं वाटत होतं, तरी गेले. सहाला पाच कमी असताना पोचले. टेबलावर चहाचे दोन कप होते आणि सातवीचं गणिताचं पुस्तक होतं, कोरं, नव्या छापाचं. ताईचे डोळे सुजलेले होते, पण मी विचारलं असतं तर तिने सर्दी सांगितली असती. म्हणून मी विचारलं नाही.

"पान एकपासून," ती म्हणाली. "आणि का ते मी रात्री शोधलं."

तिने कागदावर एकाखाली एक लिहिलं. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एक गुणिले उणे दोन, उणे दोन. शून्य गुणिले उणे दोन, शून्य.

"उत्तरं कशी चाललीत?"

"दोनदोनने वर."

"आता शून्याच्या खाली उतर. उणे एक गुणिले उणे दोन. उत्तर कुठे जाणार?"

मी पाहिलं. उणे सहा, उणे चार, उणे दोन, शून्य. "दोन," मी म्हटलं. "अधिक दोन. दुसरीकडे जाणारच कुठे ते."

"हं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता संताप आला. एवढ्यासाठी मी बत्तीस वर्षं स्वतःला मठ्ठ समजत होते. एवढ्यासाठी मुलीच्या वहीत उणे दिसला की मी म्हणायची, बाबांना विचार. मी ते ताईला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आणि मी एकोणतीस वर्षं मुलांना म्हटलं, नियम आहे." मग आम्ही दोघींनी चहा घेतला. तो गार झाला होता.

यानंतर ताई गोड झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट ती आणखी मागे लागली. आता तिला दोन आठवड्यांत साडेचार महिने भरून काढायचे होते. भाजी आणायला गेले तरी तिचा फोन. मी उचलला नाही तर ती दुकानाच्या फोनवर करायची. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मालकांनी रिसीव्हर हातात धरून मागच्या खोलीकडे ओरडून विचारलं, "तुमची बहीण विचारतेय, उणे तीनचा वर्ग आणि कंसात उणे तीनचा वर्ग, यात फरक काय?"

"कंस नसेल तर उणे नऊ, कंस असेल तर नऊ," मी आतून ओरडले.

मालकांनी ते फोनवर सांगितलं. मग थोडा वेळ ऐकलं. "म्हणतेय, का ते सांगा."

"कंस नसला तर वर्ग फक्त तिनाचा होतो. उणे बाहेरच राहतो."

"बरोबर म्हणतेय," मालक म्हणाले, आणि फोन ठेवून मला म्हणाले, "बाई, यापुढे तिला दुपारी दोन ते चारमध्ये फोन करायला सांगा. तेव्हा गिऱ्हाईक नसतं."

चाचणीच्या दिवशी कॉलेजच्या संगणक कक्षात मी सोडून सगळी मुलीच्या वयाची. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी पळत होती. मी पहिले वीस प्रश्न नीट केले. एकविसाव्यावर अडले, आणि सोडून पुढे जायच्याऐवजी त्याच्याशी झुंजत बसले. मान वर केली तेव्हा अकरा मिनिटं उरली होती आणि पुढचे एकोणीस प्रश्न बाकी होते. शेवटचे सहा मी बघितलेसुद्धा नाहीत.

निकाल लगेच पडद्यावर आला. बावीस.

मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मुलगी म्हणाली, आई, बावीस म्हणजे निम्म्याहून जास्त. मला दोघांचाही राग आला. मग मी ताईला फोन केला.

"प्रश्न आठवतात तेवढे सांग," ती म्हणाली. मी बरेच सांगितले. एका ठिकाणी तिने मला थांबवलं. "उणे तीनचा वर्ग. कंस होता?"

"नव्हता. मी उणे नऊ लिहिलं. त्यांनी चूक दाखवलं."

ती म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"ताई, नको."

"मी माझी माझी येते, तू तुझी तुझी ये."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी जाऊन कॉलेजच्या कार्यालयात बसली होती. कारकुनाने सांगितलं, तक्रारीचा अर्ज द्या, पंधरा दिवसांत उत्तर येईल. ताई म्हणाली, पंधरा दिवस मला वेळ आहे, मी इथेच बसते. अर्ध्या तासाने त्याने गणिताच्या विभागप्रमुखांना बोलावलं. त्या पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. हातात हजेरीपटांचा गठ्ठा. ताईने कागदावर एक ओळ लिहून त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"आमचं उत्तर चुकलंय," त्या म्हणाल्या. "ज्यांनी उणे नऊ लिहिलं त्यांना सगळ्यांना गुण द्यावा लागेल."

"म्हणजे तेवीस," ताई म्हणाली.

"चोवीस लागतात," बाई म्हणाल्या.

ताईने पदर खोचला. "बाकीचे प्रश्नही मला बघायचे आहेत."

"ताई," मी म्हटलं. "बाकीची सतरा माझीच चुकली आहेत. त्यातली सहा मी वाचलीही नाहीत. ऊठ आता."

ती उठली नाही. बाईंनी तिला विचारलं की ती कुठे शिकवते. ताईने सांगितलं, कुठेच नाही, आणि मुख्याध्यापकांचं सगळं रामायणही सांगितलं, जे मी आजवर अकरा वेळा ऐकलेलं होतं. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते. दुकान कधीच उघडलं असेल. इतक्यात बाई म्हणाल्या, "पायाभूत वर्गाला शिकवायला आमच्याकडे माणूस नाही. होता तो गेल्या महिन्यात सोडून गेला. तुम्ही घ्याल का तीन महिने?"

मी त्या बाईंकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. ती पदर सोडून नीट करत होती.

"या वर्गाची दुसरी तुकडी आहे का हो?" मी विचारलं.

"एकच आहे," बाई म्हणाल्या.

अशा रीतीने ज्या बहिणीपासून सहा आठवड्यांनी सुटायचं म्हणून मी दिवस मोजत होते, तिच्याच वर्गात मी आणखी तीन महिने बसले. आठवड्यातून दोनदा, सकाळी सातला. मालकांनी कुरकुर करत वेळ बदलून दिली. मी ताईला बजावलं होतं की वर्गात माझ्याशी ओळख दाखवायची नाही. पहिल्याच तासाला फळ्यावरचं तिचं एक चिन्ह चुकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तिथे अधिक हवं." तिने वळून पाहिलं, पुसलं, दुरुस्त केलं. त्या दिवसापासून सगळा वर्ग तिला ताईच म्हणायला लागला. तिने दोनदा "बाई म्हणा" सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

मुलं तिला प्रश्न विचारतात आणि ती उत्तर माहीत नसलं तर पुढच्या तासाला शोधून आणते. घरी मात्र ती मला अजूनही माझ्या सातावरून बोलते. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. तेहतीस आले. मी तिला फोन करून सांगितलं.

"सात कुठे गेले?" तिने विचारलं.

"वेळ पुरला नाही."

"उद्या ये. बघू कुठे अडलीस."

मी सांगितलं की उद्या माझा कॉलेजचा पहिला खरा वर्ग आहे, भिंगांच्या प्रकाराचा, आणि मला यायला जमणार नाही. मग परवा ये म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.